बोटीवरची गॅलरी

लालबाग,
३ नोव्हेंबर २००६

मीनाक्षी,

मायना लिहीत नाही. आशीर्वाद लिहिला तर तो खोटा होईल, आणि नमस्कार करायला तू माझी धाकटी जाऊ, थोरली नव्हेस. तेव्हा नुसतं मीनाक्षी.

फोन करता आला असता. जयवंतच्या मोबाईलमध्ये तुझा नंबर 'काकू' म्हणून आहे, मी पाहिलाय. पण चोवीस वर्षं तुझा आवाज ऐकला नाही तो आता का ऐकू? पत्राचं बरं असतं, समोरचं माणूस मध्येच तोंड घालत नाही.

काल जयवंत कामावरून येताना एक गुळगुळीत रंगीत पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "आई, काकू रिटायर झाली ना, तिच्या शिपिंग कंपनीनं तिला बोटीची सफर दिलीय. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. चार माणसांची खोली. तिला दुसरं कोण आहे? ती म्हणते तुम्ही तिघं चला." तिघं म्हणजे तो, सूनबाई स्नेहल आणि माझी रेवा. साडेतीन वर्षांची नात माझी. मला कोणी चल म्हटलं नाही, ते बरंच केलं. तुझ्याबरोबर मी बोटीत काय, टॅक्सीतसुद्धा बसणार नाही.

पुस्तक मी चाळलं. जेवणाची ताटं बघितली नाहीत, नाचगाणी बघितली नाहीत. चौदाव्या पानावर तुमची खोली आहे, आठव्या मजल्यावर. बिछाना, आरसा, सरकतं काचेचं दार, आणि दारापलीकडे गॅलरी. गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये एक बुटकं टेबल, पुढे कठडा. कठड्यापलीकडे नुसतं निळं छापलंय.

एवढी मोठी बोट, आणि खोली कसली, तर गॅलरीची! लाज कशी वाटली नाही गो तुला?

तुझ्या ताब्यात एकदा मी लेकरू देऊन बघितलंय. माझी छबू चार वर्षांची होती. मोर्चा दाखवायला तू तिला तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावर बसवलंस आणि हात सोडलास. साऱ्या चाळीला ठाऊक आहे, पोलिसांच्या कागदात आहे. त्यावर नव्यानं बोलायचं नाही मला. रेवापुरतं मी सांगते ते कान उघडून ऐक, आणि उलट उत्तर करू नकोस.

खोलीत शिरल्या शिरल्या त्या दोन्ही खुर्च्या आणि ते टेबल आत ओढा. आत जागा नाही म्हणाल, तर बोटीवरच्या माणसाला सांगून घेऊन जायला लावा. तो म्हणेल, बाई, खुर्ची कठड्यापासून लांब आहे. ऐकू नका. आज लांब असलेली खुर्ची उद्या जवळ येते, पोरंच ओढून नेतात. गॅलरीत बॅग ठेवायची नाही, पाण्याच्या बाटल्या भरलेली पेटी ठेवायची नाही, ओले टॉवेल वाळत घालायला स्टूल ठेवायचं नाही. पायाखाली घेता येईल असं वीतभर उंचीचंही काही ठेवायचं नाही. काचेच्या दाराला वरती कडी आहे का ते आधी विचार. नसेल तर रेवाला घेऊन त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

आणि तिच्याजवळ कायम जयवंत नाहीतर स्नेहल पाहिजे. तू धरायची नाहीस.

गुणवंती

लालबाग,
९ नोव्हेंबर २००६

मीनाक्षी,

सहा दिवस झाले. अँटॉप हिलहून लालबागला पत्र यायला सहा दिवस लागत नाहीत. उलट उत्तर करू नको म्हटलं म्हणून अजिबात उत्तर नाही, हा तुझा जुना खाक्या. मूग गिळून बसायचं आणि वरून शहाणं दिसायचं.

इथं सगळ्यांना बोटीचं वेड लागलंय. स्नेहलनं रेवासाठी टोपी आणली. काल मी तिला म्हटलं, "अगं, त्या खुर्च्या आधी आत घ्या हं." तर ती हसली. म्हणते, "आई, आम्ही कोणी तिला उचलून कठड्यावर बसवणार आहोत का? काकूंसारखं? आम्ही बसवणार नाही म्हटल्यावर ती पडेल कशी?" आणि जयवंत ताटात बघून जेवत राहिला.

तिला काय सांगू? आजकालच्या पोरी, दोन पुस्तकं जास्त शिकल्या. मूल बसवलं तरच पडतं असं तिला वाटतं. मूल चढताना कोणी बघितलंय? तुला सांगते. आधी ते नुसतं हात लावून उभं राहतं. मग एक गुडघा वर टेकतं. तो टेकला की खाली बघून हसतं, आपल्याला जमलं म्हणून. मग दुसरा गुडघा, मग उभं. कमरेच्या वर कठडा असेल तोवर भीती नाही, पण पायाखाली हातभर उंची आली की तोच कठडा त्याच्या मांडीला लागतो. डोकं जड असतं त्यांचं. वाकून बघितलं की संपलं. रडायलासुद्धा वेळ मिळत नाही.

रेवा चढरी आहे. परवा शंकरपाळ्यांच्या डब्यासाठी स्टूल, स्टुलावर पाट, असा मनोरा स्वतःच्या हातानं रचला तिनं. आमच्या गॅलरीला मी कठड्यापासून छतापर्यंत जाळी मारून घेतलीय, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तशी. चाळीतल्या बाया मला हसतात. "गुणवंतीबाय, अंडी किती देतात गो?" हसू देत मेल्यांना.

बोटीला जाळी नाही. मी ते पान भिंग लावून बघितलं. खाली काच आणि वर लाकडी दांडी, एवढंच. त्या दांडीवर पेला ठेवून एक गोरी बाई हसतेय.

खोली बदल. तुझ्या हातात आहे. नाहीतर स्वतःचं तिकीट फाडून टाक, म्हणजे कोणीच जाणार नाही.

गुणवंती

अँटॉप हिल,
१३ नोव्हेंबर २००६

वहिनींस,

तुमची दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला वेळ लागला कारण पहिलं पत्र मी बरेच वेळा वाचलं. रागानं नाही. त्यात काय नाही ते शोधत होते.

वहिनी, तुम्ही मला दोन पत्रांत मिळून इतक्या सूचना केल्यात. खुर्ची आत घे, टेबल आत घे, बॅग ठेवू नकोस, स्टूल ठेवू नकोस, कडी बघ. पण "रेवाला कठड्यावर बसवू नकोस" हे एकदाही लिहिलेलं नाही. ज्या बाईनं तुमची मुलगी कठड्यावर बसवून मारली, तिला तुम्ही पहिली सूचना तीच करायला हवी होती. करावीशी वाटली नाही, कारण मी तिला बसवलं नव्हतं हे तुम्हाला ठाऊक आहे. लिहिताना तुमचा हात थेट खुर्चीवर गेला.

मूल आधी गुडघा टेकतं, मग हसतं, हेही तुम्ही लिहिलंत. छबूला तसं चढताना तुम्ही आधी पाहिलं होतंत तर. मला कधी बोलला नाहीत.

गिरण्यांच्या संपानं तुमची खाणावळ बसली. तुमच्याकडे जेवणारे गडी शिमग्याला कोकणात गेले ते परत आले नाहीत आणि त्यांच्या ट्रंका तुमच्याकडे राहिल्या. सहा ट्रंका तुम्ही गॅलरीत कठड्याला लावून ठेवल्यात, आधी तीन एकावर एक, मग दोन, शेवटी एकटी. पायऱ्याच झाल्या त्या. मी तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, वहिनी, ह्या आत घेऊ या, पोरं चढतात. तुम्ही म्हणालात, "आत घेते, आणि तू कुठं झोपतेस? माझ्या डोक्यावर?"

त्या बुधवारी तुम्ही युनियनचं धान्य आणायला गेला होतात. खालून मोर्चा चालला होता. तुमच्याच चुलीवरचा तुमचाच भात करपायला लागला म्हणून मी उतरवायला आत गेले. भांडं खाली ठेवून वळले तर गॅलरीत कोणी नव्हतं. मी आत गेले हा माझा अपराध, तो मी कधी नाकारला नाही. छबूला टॅक्सीत घालून इस्पितळात मीच नेलं. ती तासभर होती. ती गेल्यावर चाळीत परत आले तर गॅलरी रिकामी, धुतल्यासारखी. ट्रंका तुमच्या खाटेखाली. आणि तुम्ही हवालदाराला सांगत होतात, हिनं बसवली.

मी का बोलले नाही, असं तुम्हाला कधी वाटलं असेल तर सांगते. मूल तुमचं गेलं होतं. जिचं मूल गेलंय तिच्याशी वाद घालू नये, असं मला वाटलं. आठवडाभरात तुम्ही शुद्धीवर याल आणि खरं सांगाल, असंही वाटलं. तेवढ्यात ह्यांनी मला भावाकडे आणून सोडलं. पुढे ते गावी गेले, तिथंच वारले, आणि मला कळवलं कोणी, तर जयवंतनं. चोवीस वर्षं मी शिपिंगच्या ऑफिसात फायली लावल्या आणि मुलं सांभाळायला कोणी माझ्याकडे दिली नाहीत.

आता बोटीचं. खोली मी मागितली नव्हती, कंपनीनं दिली. ज्या दिवशी कागद हातात आला त्याच दिवशी मी आतली खोली मागितली, जिला गॅलरी नाही, खिडकीही नाही. ऑफिस तयार आहे. स्नेहल तयार नाही. ती म्हणते, एवढ्या लांब जाऊन रेवानं खोलीतून समुद्र बघायचा नाही? मी खुर्च्यांचं सांगितलं. तिनं मला ऐकवलं, "काकू, तुमच्या हातून झालं म्हणून तुम्हाला भीती वाटते. आम्ही नीट वागू." जयवंत दर दिवाळीला फराळ घेऊन येतो आणि माझ्याकडे न बघता बोलतो.

तुमच्या त्या एका वाक्यावर ती पोरगी विसंबून आहे, वहिनी. बसवलं तरच पडतं. त्या वाक्यापायी ती खुर्च्या आत घेणार नाही. आणि मी खरं सांगितलं तर म्हणेल, स्वतःचं पाप झाकते.

वीस तारखेपर्यंत ऑफिसला खोलीचं कळवायचं आहे. स्नेहलला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मीनाक्षी

लालबाग,
१६ नोव्हेंबर २००६

मीनाक्षी,

डोंबल तुझं! फायली लावता लावता वकिलीण झालीस. माझ्याच पत्रातले शब्द मोजून मलाच कोर्टात उभं करतेस? पत्र वाचून मी ते चुलीत घातलं असतं, पण आता गॅस आहे. फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं, पुरे झालं समाधान?

होय. होत्या ट्रंका. लिहिलं. आता काय करतेस? मोर्चा काढ.

पण मला उत्तर दे, कुठं ठेवणार होते मी त्या? तू दोन वर्षं त्या खोलीत राहिलीस. दहा बाय बारा. आम्ही चौघं, तुम्ही दोघं, सासूबाई. खाणावळीच्या गड्याची ट्रंक म्हणजे काय असतं ते तुला मी सांगायला नको. किल्ली त्याच्याकडे आणि ट्रंक बाईकडे. आत त्याच्या बायकोचं लुगडं असेल, आईचा फोटो असेल. उघडायची नाही, दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही, नजरेआड करायची नाही. रघुवीर परब जाताना माझ्या पाया पडून म्हणाला होता, "वैनी, माझो संसार तुमच्या ताब्यात." सहा जणांचा संसार होता तो. भिंतीच्या बाजूला ठेवावा तर चाळीचा नियम, जाण्यायेण्याला तीन फूट मोकळं सोडायचं, नाहीतर अख्खा माळा तोंड सोडतो. मग उरला कोण? कठडा. सगळ्यांनीच कठड्याला लावलं होतं सामान. शेजारच्या सोनूबाईचं पिंप कठड्याला, समोरच्यांचा कोळशाचा डबा कठड्याला. त्यांची पोरं नाही पडली. माझी पडली.

आणि त्या ट्रंका न्यायला कोण आलं ठाऊक आहे? दोघं. बाकीचे चार कधी आलेच नाहीत. संपात माणसं गेली ती कुठं गेली देव जाणे.

तू म्हणालीस दोनदा. खोटं. तीनदा म्हणाली होतीस. तिसऱ्यांदा मी तुला सगळ्यांदेखत म्हटलं, "तुला स्वतःला झालं म्हणजे शिकव." तुझी कूस उजवली नव्हती म्हणून. ते तू पत्रात लिहिलं नाहीस. का लिहिलं नाहीस? मोठेपणा दाखवतेस? मला तुझा मोठेपणा नको.

रडतेय म्हणून अक्षर वाकडं आलंय, असं समजू नकोस. चष्मा बदलायला झालाय.

सुनेला मी काही सांगणार नाही. साठ वर्षांची बाई मी, सुनेसमोर कान पकडू? तूच काहीतरी युक्ती कर. बोट बुडते म्हणून सांग.

गुणवंती

लालबाग,
१९ नोव्हेंबर २००६, रविवार

मीनाक्षी,

सांगितलं.

पत्र उद्या टाकेन, पण ऑफिसला खोलीचं कळवायला तुला जयवंतचा फोन आला असेलच. आतली घ्या, बिनखिडकीची. स्नेहल स्वतः म्हणाली.

कसं झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला पाहिजे. सकाळी दहाची वेळ. स्नेहल पोह्यांना मटार सोलत होती, जयवंत पेपर वाचत होता. रेवा गॅलरीत खेळत होती, जाळी आहे म्हणून दार उघडं होतं. माझ्या मनात काही नव्हतं. मी तुला लिहिलंच होतं की मी सांगणार नाही. तेवढ्यात रेवा आत आली आणि तिनं आपली छोटी खुर्ची ओढत ओढत गॅलरीत नेली. मी बघत राहिले. तिनं ती जाळीला लावली. एक गुडघा टेकला. आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसली गो.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. स्नेहलनं उचलून आणलं तिला. म्हणाली, "आई, अहो जाळी आहे, कशाला एवढं?" मी म्हटलं, "जाळी इथं आहे. बोटीवर नाही. छबूला कोणी बसवलं नव्हतं. ती अशीच चढली." मग एकदा तोंड उघडलं ते थांबेना. ट्रंका सांगितल्या. तू तीनदा सांगितलंस ते सांगितलं, मी तुला काय बोलले तेही सांगितलं.

आणि तुला ठाऊक नसलेलं एक सांगितलं, ते इथं लिहिते. धान्याची पिशवी घेऊन मी परत आले तेव्हा खाली माणसं जमली होती. सोनूबाई म्हणाली, "छबूक टॅक्सीतसून न्हेली, धाव." टॅक्सी गेलेली, पण इस्पितळ काही सातासमुद्रापार नव्हतं. चालत वीस मिनिटं, धावत दहा. मी तिकडे धावले नाही. मी जिना चढले. वर माळ्यावर कोणी नव्हतं, सगळे खाली. मी ट्रंका आत ओढल्या. सहाच्या सहा. लोक म्हणतील हिच्या ट्रंकांनी पोर मारली, सासूबाई म्हणतील, छबूचे बाबा म्हणतील. त्या वेळी मला एवढंच सुचलं. तू लिहिलंस की छबू तासभर होती. तो तास माझा असा गेला. मी पोचले तेव्हा तिच्यावर चादर घातली होती.

स्नेहल मटाराचं ताट घेऊन तशीच बसली होती. माझ्याकडे बघत होती, जसं काही घरात कोणी अनोळखी बाई शिरलीय. मी म्हटलं, "एकटीनं ओढल्या मी, कोणाला कळू दिलं नाही."

जयवंतनं पेपर खाली ठेवला. म्हणाला, "एकटीनं कशा उचलशील, आई? दुसरं टोक मी धरलं होतं."

मीनाक्षी, मी देवाशपथ सांगते, माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चोवीस वर्षं मला ते आठवतं त्यात मी एकटीच असते. पण त्यानं सांगितलं तेव्हा दिसलं. खाकी चड्डी, शाळेतून आलेला. आठ वर्षांचा. ट्रंक त्याच्या पायावर आपटली आणि मी म्हटलं, "रडू नको, उचल." नख काळं पडलं होतं त्याचं, मी समजत होते शाळेत लागलं.

तो म्हणाला, "हवालदारानं मला विचारलं, बाळ, काकूनं बसवलं ना? तू माझा खांदा दाबलास. मी हो म्हटलं." मग म्हणाला, "दर दिवाळीला जातो मी काकूकडे. दर वेळी ठरवतो आज सांगायचं. करंज्या ठेवतो आणि येतो."

एवढं बोलून तो उठला आणि चपला घालून खाली गेला. दुपारी परत आला, जेवला नाही.

गुणवंती

लालबाग,
२६ नोव्हेंबर २००६

मीनाक्षी,

तू जयवंतला काय सांगितलंस मला ठाऊक नाही. गुरुवारी तो तुझ्याकडून आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो जेवताना वर बघून बोलला. माझ्याशी नाही. स्नेहलशी. माझ्याशी तो 'मीठ दे' एवढंच बोलतो. मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "आई, नंतर."

तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग मला तुझ्यासमोर बसून चहा प्यावा लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही. तुझा राग मला चोवीस वर्षांच्या सवयीचा आहे, तो एका पत्रानं जात नाही. खोटं मी बोलले, भोगलं तू, तरी तुझं नाव काढलं की माझ्या कपाळाची शीर उठतेच. आता ह्याला काय म्हणावं ते तूच ठरव. सोनूबाईला मात्र मी काल गॅलरीत उभं राहून सांगितलं. ती म्हणाली, "माका ठाऊक होता. आमका सगळ्यांकच ठाऊक होता." मग मीच मूर्ख.

आता कामाचं. स्नेहलनं ठरवलंय, रेवाला दिवसा माझ्याकडे ठेवायची नाही. ती नीट बोलली, आवाज चढवला नाही. "आई, मला रागावायचं नाही तुमच्यावर, पण मी ऑफिसात बसून काम करू शकणार नाही." तिच्या जागी मी असते तर मीही ठेवली नसती. बोटीवर तुम्ही जाऊन याल, पण त्याआधीही, उद्या सोमवारपासून, ती तुझ्याकडे येणार. तुझं घर तळमजल्याला आहे, ते बरं आहे. सकाळी जयवंत सोडेल, संध्याकाळी स्नेहल नेईल. हे पत्र रेवाच्या पिशवीतच घालून पाठवते.

तिला भात मऊ लागतो, पेजेसारखा नाही, पण मऊ. मासा दिलास तर बांगडा देऊ नको, काटे काढताना आपलं लक्ष ताटात जातं आणि ती तेवढ्यात उठते. दुपारी झोपायच्या आधी डोक्यावरून हात फिरवावा लागतो, मागून पुढे, उलटा. तसा फिरवला नाही तर झोपत नाही. कुकरच्या शिटीला घाबरते. शिटी होणार असेल तर आधी सांगून ठेवायचं, "आता ओरडणार हं," म्हणजे ती स्वतःच कान झाकून घेते. चढते. ते तुला सांगायला नको.

पहिले दोन दिवस आजी आजी करेल. मग तुझी होईल. पोरांची जात.

मोठी झाली म्हणजे तिला छबूचं सांग. जयवंतला सांगू देऊ नकोस, तो स्वतःच्याच माथी घेईल. तूच सांग. मी सांगायला बसले तर मध्येच कुठंतरी खोटं बोलेन, मला माझं ठाऊक आहे.

गुणवंती